लायनर बदलले, ब्रेक नाही

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप, गाडी आणि माल मिळून तीन टनांची धरली आणि ताशी ६० किलोमीटरने धावत असली, तर तिच्या अंगात चार लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा असते. समोर म्हैस आडवी आली तर ही सगळी ऊर्जा चार-पाच सेकंदांत कुठेतरी जावी लागते. ती जाते चाकांतल्या लोखंडात, उष्णता होऊन. तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. हा झाला एकदा थांबण्याचा हिशेब. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना हीच गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते आणि त्या उतरणीत सुटणारी ऊर्जा अशा अडतीस-चाळीस थांब्यांएवढी भरते. तिचा मोठा वाटा इंजिनाने उचलायचा असतो, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्याने हा सगळा बोजा ब्रेकच्या माथी मारलेला असतो.

पंधरा वर्षांची पिकअप ब्रेकची तक्रार घेऊन गॅरेजात येते तेव्हा ड्रायव्हरची वाक्ये ठरलेली असतात. ‘पेडल खाली जातंय.’ ‘दोनदा पंप मारला की लागतो.’ ‘डावीकडे ओढते.’ ‘रिकामी असली की मागची चाकं घसटतात, भरली की थांबतच नाही.’ बहुतेक वेळा मालकाचा निर्णयही घरून ठरवून आणलेला असतो: लायनर टाकून द्या. मग लायनर पडतात, ड्रमला आतून पॉलिश पेपर मारला जातो आणि संध्याकाळी गाडी पुन्हा मार्केटला लागते. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी तीच वाक्ये. त्या तक्रारींचे मूळ नुसत्या लायनरमध्ये असेलच असे नाही. लायनरची झीज डोळ्यांना दिसते; गंजणे, फुगणे, चिरणे आणि पाणी शोषणे हे प्रकार मात्र रबराच्या आणि पाइपांच्या आत चालतात.

झिजणारा भाग वेगळा आणि स्वस्त ठेवावा, ही कल्पना मोटारीएवढीच जुनी आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. ब्रेक लायनरची ही पहिली नोंद मानली जाते. पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली घर्षणाच्या अस्तरांचा धंदाच सुरू केला. त्यांची फेरोडो ही कंपनी आजही लायनरच्या डब्यांवर भेटते. लुई रेनॉ यांचा ड्रम ब्रेक आणि फ्रेडरिक लँचेस्टर यांचे डिस्क ब्रेकचे पेटंट, दोन्ही १९०२ची. म्हणजे आजच्या पिकअपच्या मागच्या आणि पुढच्या चाकांत जे बसलेले आहे, त्याची मूळ आखणी सव्वाशे वर्षांची आहे.

पेडलचा जोर चाकापर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न मात्र बराच काळ तार आणि सळयांवरच अडला होता. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. विमानांमुळे गाजलेले लॉकहीड हे नाव याच घरातले; विमानांचा व्यवसाय नावारूपाला आणणारे ॲलन हे माल्कम यांचे भाऊ. १९२१च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत हे ब्रेक चारही चाकांना आले. हेन्री फोर्ड यांचा मात्र द्रवावर विश्वास नव्हता. फोर्डच्या मोटारी १९३८च्या मॉडेलपर्यंत तार-सळयांवरच थांबत राहिल्या. त्यांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. जुन्या हायड्रॉलिक रचनेत चारही चाकांचा पाइप एकच असे. तो कुठेही फुटला की चारही चाके मोकळी. मुंबईत १९४७पासून महिंद्राने जुळणी केलेल्या विलीज जीपची रचनाही अशीच एका सर्किटची होती. पेडलचा जोर द्रवावर टाकणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चिखलपाण्याच्या वाटेवर. अमेरिकेत नव्या मोटारींना १९६८पासून दुहेरी सर्किट सक्तीचे झाले. आजच्या पिकअपमध्येही मास्टर सिलिंडरच्या पोटात एकामागे एक असे दोन पिस्टन असतात. एक बाजू गळाली तरी दुसरी गाडी थांबवते, पेडल खोल जाते आणि अंतर जास्त लागते एवढेच.

पायाने गाडी कशी थांबते याचे गणित एकदा समजून घेतले की दुरुस्तीतला प्रत्येक हट्ट पटतो. ड्रायव्हरने पेडलवर २० किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ पाचपट असली, तर आत १०० किलो पोचतात. निर्वातावर चालणारा बूस्टर त्याचे तीनशेच्या वर करतो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन एक इंच व्यासाचा धरला तर त्याचे क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाइपात दर चौरस सेंटिमीटरला साठ किलोहून अधिक दाब. टायरमधली हवा तीन-चार किलोची असते, यावरून अंदाज यावा. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ६० मिलिमीटरचा असेल तर डिस्कवर दीड टनाहून जास्त जोर येतो. पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला नियम एवढे काम करतो, पण त्याची किंमत अंतरात मोजून घेतो. पेडल दहा-बारा सेंटिमीटर चालावे तेव्हा पॅड जेमतेम मिलिमीटरभर हलतो. त्यामुळे हवेचा बुडबुडा, फुगलेला रबरी होज, लायनर ज्यावर बसतो तो ढिला शू यांपैकी काहीही त्या दहा-बारा सेंटिमीटरमधूनच आपला वाटा खाते.

म्हणून चांगला मिस्त्री चाक खोलायच्या आधी पेडलवर पाय ठेवतो. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारायचे, ते घट्ट झाले की दाबून धरायचे आणि इंजिन चालू करायचे. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर जिवंत. जागचे हलले नाही तर निर्वात पोचत नाही. पेट्रोल गाडीत हा निर्वात इंजिनाच्या श्वासातूनच मिळतो. डिझेल इंजिनात ती सोय नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. पंप झिजला, त्याच्या रबरी नळीला चीर गेली किंवा बूस्टरच्या तोंडाशी असलेला एकतर्फी व्हॉल्व्ह गेला, की पेडल दगडासारखे कडक लागते आणि गाडी थांबत नाही. अशा गाडीला लायनर टाकणे म्हणजे पैसे फुकट. उतारावर इंजिन बंद करणेही याच कारणाने घातक: साठलेल्या निर्वातावर दोन-तीन ब्रेक मिळतात, मग फक्त पायाचा जोर. पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ला एका ट्रकमुळे ४८ वाहनांचे नुकसान झाले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी तपासानंतर सांगितले होते. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, पिकअपचे निर्वातावर. इंजिन बंद केल्याची शिक्षा दोघांना सारखीच.

दुसरी चाचणी: इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरायचे. ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठे थेंब दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी कप दाब सोडत आहेत. किंवा गळती मागच्या टोकाने थेट बूस्टरच्या पोटात होते आहे. मास्टर सिलिंडर बूस्टरवरून सोडवून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. ऑइलची टाकी दर महिन्याला थोडी उतरते आणि चाकाशी कुठेच ओल नाही, असे सांगणाऱ्या ड्रायव्हरची गाडी या वाटेने तपासावी.

आता त्या ऑइलकडे. गॅरेजात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते ग्लायकॉल ईथर जातीचे रसायन असते आणि हवेतली आर्द्रता शोषणे हा त्याचा स्वभाव. बंद दिसणाऱ्या यंत्रणेतही होजच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातून पाणी शिरते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक सांगते. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत पाय ठेवून उतरलेल्या गाडीच्या कॅलिपरजवळचे जुने ऑइल तिथवर तापू शकते. ते उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फरशीला टेकते. दहा-वीस मिनिटे गाडी थंड होऊ द्यावी तर पेडल पुन्हा जागेवर. मग तपासायला आलेला माणूस म्हणतो, ब्रेक तर चांगले आहेत. अशा प्रसंगांत लायनरची जाडी बघून काहीच कळत नाही.

पाण्याचा दुसरा उपद्रव गंजाचा. ते चाकांच्या सिलिंडरांतही पोचते आणि तिथल्या आरशासारख्या भिंतीला खड्डे पाडते. त्या खड्ड्यांवरून रबरी कप पुढेमागे घासला की कपांचे किट कितीही नवे असो, गळती आठवड्यात हजर. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, असे बहुतेक गाड्यांची पुस्तिका सांगते. प्रत्यक्षात पंधरा वर्षांच्या पिकअपमध्ये ते फक्त ‘टॉप-अप’ होत आलेले असते. मूळचे फिकट पिवळे ऑइल काळपट तपकिरी झालेले दिसते. एका वाहतूकदाराच्या वर्षाच्या खर्चात या बाटलीची किंमत शोधूनही सापडणार नाही. तरी तीच सगळ्यात आधी वाचवली जाते.

खनिज तेलाचा थेंबही या यंत्रणेत चालत नाही. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा डिझेल लागले की ब्रेकचे रबर फुगून बाद होते. मग एकेक कप बदलून भागत नाही, रबराचा प्रत्येक तुकडा काढून टाकावा लागतो. सुटे भाग धुवायला डिझेलचा डबा पुढे करणारा हेल्पर इथे थांबवलेला बरा. धुणे स्पिरिटने किंवा ब्रेक क्लीनरने, बसवताना हात लावायचा तो नव्या ब्रेक ऑइलचा.

मागचा ड्रम सहज निघाला तर नशीब. जुन्या ड्रमच्या काठाशी न झिजलेली कड राहते आणि शू तिच्यामागे अडकतात. घणाने ठोकण्याआधी हँडब्रेकची केबल ढिली करावी, बॅकप्लेटच्या खाचेतून ॲडजस्टर मागे घ्यावा आणि ड्रमला आटे पाडलेली भोके असतील तर त्यांत बोल्ट कसून ड्रम सरळ बाहेर ढकलावा. खुणा केल्याशिवाय काही खोलू नये आणि एका वेळी एकच चाक उघडावे. दुसरे बंद चाक हाच बसवणीचा नकाशा. डावा आणि उजवा ॲडजस्टर अदलाबदल झाला, तर अनेक गाड्यांत आटे उलटे असतात आणि आपोआप घट्ट होण्याऐवजी तो ढिला होत जातो.

ड्रम निघाला की आतली काळी भुकटी पाहून हात आपोआप कंप्रेसरच्या नळीकडे जातो. तो आवरावा. लायनरमध्ये अनेक दशके ॲस्बेस्टॉस वापरले गेले. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात आणि त्यांतून होणारे आजार, कर्करोगासकट, वीस-तीस वर्षांनी उगवतात. चांगल्या कंपन्यांचे लायनर आता ॲस्बेस्टॉसविना येतात, पण भारतात त्यावर सरसकट बंदी नाही आणि जुन्या गाडीच्या ड्रममध्ये काय साचले आहे हे भुकटीकडे बघून ओळखता येत नाही. ती ओली करून पुसावी, फडके बांधून टाकावे. हवा मारली तर ती भुकटी पहिल्यांदा नळी धरणाऱ्या पोराच्या छातीत जाते.

मग पाहायची ती ओल. व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबरी टोपण बोटाने उचलावे. खाली ओले असेल तर कप गेले. ऑइल चाकाच्या मध्याकडून, हबकडून आले असेल आणि गिअर ऑइलचा जाड, उग्र वास येत असेल, तर ॲक्सलचे ऑइल सील फुटले आहे. हा दोष न काढता टाकलेले नवे लायनर महिनाभरात पुन्हा माखतात. माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन, काही ठिकाणी चक्क जाळून, कानशीने खरवडून परत बसवले जातात. लायनर हा सच्छिद्र पदार्थ आहे, तेल त्याच्या पोटात गेलेले असते. गरम झाला की ते पुन्हा वर येते. एक चाक धरते, दुसरे घसरते आणि गाडी पावसात आडवी होते. माखलेला लायनर फेकायचाच आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, यावर तडजोड नको.

ड्रमबद्दलची तडजोड मात्र हिशेबाने करता येते. लेथवर हलका कट घेऊन चरे आणि दीर्घगोलपणा काढता येतो, पण प्रत्येक कटबरोबर लोखंड कमी होते. पातळ ड्रमला उष्णता मुरवायला जागा कमी, तो लवकर तापतो आणि तापला की फुगून शूपासून दूर जातो. घाटात पेडल हळूहळू खोल जाण्याचे हे एक कारण. डिस्कमध्ये उलटे घडते. ती तापली की जाड होऊन पॅडच्या जवळ येते, आणि जास्त भार पेलणाऱ्या पुढच्या चाकांना डिस्क देण्यामागे हा एक फायदा आहे. ड्रमवर त्याचा कमाल व्यास ओतीव अक्षरांत दिलेला असतो. लेथवाल्याकडे नेण्याआधी तो वाचावा, नंतर मोजावा. निळे डाग आणि बारीक भेगा दिसल्या तर लेथचे पैसेही वाचवावेत, कारण तो ड्रम भंगाराचा.

बॅकप्लेट कोणी बघत नाही. तिच्यावर शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाचा पडतात. शू खाचेत अडकला की ब्रेक सोडला तरी तो मागे येत नाही. उंचवटे सपाट करून त्यांवर उच्च तापमानाचे ग्रीस नखभर लावायचे, लायनरला त्याचा स्पर्श होऊ न देता. शूच्या स्प्रिंगांचा ताण तापून गेलेला असतो, त्यामुळे त्या नव्याच घ्याव्यात.

पुढची चाके तुलनेने सरळ. आतला पॅड झिजून पत्र्याला आला आणि बाहेरचा जाडजूड आहे, असे दिसले तर कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या आहेत. कॅलिपरचा पिस्टन चौकोनी काटछेदाच्या एकाच रबरी कड्यात बसलेला असतो. ब्रेक दाबला की ते कडे किंचित पिळले जाते, सोडला की सरळ होते आणि पिस्टनला तेवढे मागे ओढते. मागे ओढायला दुसरी स्प्रिंग नसते. त्यामुळे पिस्टनवर गंज चढला की चाक सतत घासत राहते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, तेव्हा हवा काढायचा निपल उघडून घाण ऑइल बाहेर काढावे, मास्टर सिलिंडरकडे परत पाठवू नये. आणि खोललेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. होजच्या आतले थर तसेच सुटतात. आतून सुटलेला होज जोराचा दाब पुढे जाऊ देतो, पण परतीची वाट अडवतो. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो आणि गाडी एका अंगाला ओढत राहते. पंधरा वर्षांच्या गाडीत होज तपासत बसण्यापेक्षा सगळे बदलणेच शहाणपणाचे.

लोखंडी पाइपांची खरी परीक्षा कोकणात. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या फाळक्यातून बर्फाचे खारे पाणी चेसीवर ठिबकत राहते आणि क्लिपांच्या खाली, जिथे फडके पोचत नाही तिथे, पाइप कुरतडला जातो. एवढाच तुकडा कापून फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी जोडण्याचा प्रकार करू नये. तांबे सततच्या कंपनाने कडक होऊन तडकते. पाइप पोलादाचा घ्यावा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा, आणि त्याच्या टोकाला दुहेरी दुमड असावी. एकेरी दुमडीला साठ-सत्तर किलोच्या दाबाने चीर जाते.

मास्टर सिलिंडर उघडून आतली भिंत पाहावी. खड्डा दिसला तर किट नको, पूर्ण सिलिंडर नवा. जुन्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: रोजच्या वापरात पिस्टन अर्ध्या अंतरातच हलतो, पुढचा भाग गंजत पडलेला असतो. हवा काढताना कोणी पेडल फरशीपर्यंत मारले की कप त्या गंजावरून फरफटत जातात आणि धड असलेला सिलिंडर त्याच दिवशी गळायला लागतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की हे टळते.

पिकअपचा सगळ्यात दुर्लक्षित भाग मागच्या ॲक्सलजवळ असतो. मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन नसते, जोराचा ब्रेक मारला की ती आधी अडकतात आणि गाडी फिरते. भरलेल्या गाडीत उलट मागच्या ब्रेकचीच गरज जास्त. म्हणून चेसीला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला, बॉडी खाली बसली, दांडा वर उचलला गेला की व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. बॉडी वर असली की कमी. कल्पना उत्तम, पण मालक काय करतो? एक टन क्षमतेच्या गाडीत दोन टन घालता यावेत म्हणून मागचे पाटे वाढवून घेतो. आता दोन टन भरले तरी बॉडी खाली बसत नाही आणि व्हॉल्व्ह समजतो, गाडी रिकामीच आहे. नेमक्या ओव्हरलोड गाडीला मागचा ब्रेक अर्धामुर्धा मिळतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, पॅड दोन महिन्यांत संपतात आणि दोष पॅडच्या कंपनीला लागतो. ‘भरली की थांबतच नाही’ या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा इथे आहे. काही गॅरेजांत यावर तोडगा म्हणून दांडा तारेने वर बांधून टाकतात. मग रिकामी गाडी पहिल्याच पावसात मागून फिरते. पाटे मूळचे करणे आणि दांड्याची लांबी पुस्तिकेप्रमाणे लावणे, हा एकच इलाज आहे. पाटे वाढवलेलेच ठेवायचे असतील तर ब्रेकचा बाकी खर्च निम्मा वायाच जाणार.

सगळे जुळले की एअर काढायची. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. ‘मार, मार, धर’ असे खालून आले की वरचा पेडल दाबून धरतो, खालचा निपल उघडतो, नळीतून बुडबुडे बाटलीत जातात, निपल बंद झाल्यावरच वरून पाय सुटतो. क्रम उलटला तर हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते. सुरुवात साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून करतात. नवा मास्टर सिलिंडर असेल तर त्याची हवा गाडीवर चढवण्याआधी, बाकावरच काढलेली बरी. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, आणि बाटलीत आलेले जुने ऑइल गाळूनही परत ओतायचे नाही. रंगावर सांडले तर ताबडतोब पाण्याने धुवावे, रंग उतरतो.

शेवटी शू ड्रमला अलगद लागेपर्यंत घट्ट करून एक-दोन दात मागे घ्यायचे आणि त्यानंतरच हँडब्रेकची केबल ताणायची. केबल आधी ताणली तर शू कायमचे उघडे राहतात आणि ॲडजस्टर आपले काम करूच शकत नाही.

भारतात आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावे लागते. बरेचसे ब्रेक या तारखेच्या आदल्या आठवड्यात दुरुस्त होतात. आपल्या गाडीचे काम झाले असेल तर दोन गोष्टी मागून घ्या: काढलेले जुने भाग, सगळे, आणि बिलावर ऑइल बदलल्याची तारीख. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५० पासून १०-१५ च्या वेगापर्यंत मध्यम जोराने वीसेक वेळा गाडी हळू करा, मध्ये थोडे अंतर सोडा, पूर्ण थांबवून पाय दाबून ठेवू नका. लायनर आणि ड्रम एकमेकांवर बसायला एवढे लागते. मग आठ-दहा किलोमीटर साधी चालवून चारही रिमांजवळ हाताचा पंजा न्या, टेकवू नका. पुढची दोन एकमेकांइतकी आणि मागची दोन एकमेकांइतकी गरम लागायला हवीत. एखादे चाक जोडीदारापेक्षा स्पष्ट जास्त तापले असेल किंवा अगदीच थंड असेल, तर माल भरू नका. गाडी परत गॅरेजात न्या आणि तेच चाक पुन्हा खोलायला लावा.